गैरहजरांचा हास्य महोत्सव

कोणतंही शहर मोठं व्हायचं तर तिथल्या हसण्याला शिस्त लागते. नाहीतर माणसं कुठंही, अध्यक्षाविना हसत सुटतात. कोल्हापूरला ही जाणीव १९९७ साली झाली आणि एका पेठेतल्या तालमीनं पहिला वार्षिक हास्य महोत्सव भरवला.

बोलायला एकटा मल्लेश. उचगावात त्याचं भांड्यांचं दुकान. फोटोवाला दिसला की तालमीचे अध्यक्ष आण्णा पोट आत ओढून कसे उभे राहतात, ते त्यानं करून दाखवलं. लोक गडाबडा लोळले. आण्णाही हसले (सगळ्यांचं हसून झाल्यावर). दुसऱ्या दिवशी त्यांनी मल्लेशला बोलावून घेतलं.

"हजर माणसावर इनोद करायचा न्हाय. बाकी तुला रान मोकळं हाय."

नियम उदारच होता. पुढल्या वर्षी मल्लेशनं न आलेल्यांना सोलून काढलं: सभेत घोरणारे नगरसेवक, तांबड्या रश्श्यात पाणी घालून घेणारा जावई. ही मंडळी त्याच्या पुढल्या वर्षी सर्वांआधी येऊन बसली. मग उरलेल्यांवर पाळी आली. तेही येऊ लागले. वर्तमानपत्रांनी याला 'वाढती अभिरुची' म्हटलं. लोकांनी लग्नाच्या तारखा हलवल्या. जोतिबाच्या डोंगरावरचे दुकानदार शटर ओढून आले. एक पेशंट सलाईनसकट आला. बाटली धरलेली नर्सही मागल्या साली गैरहजर होती.

२००४ साली मल्लेशनं पडद्याआडून पाहिलं. अख्खं कोल्हापूर मैदानात. बायकोवर तरी बोलावं, तर शिवलीला पहिल्या रांगेत (प्रेमापोटी नव्हे, खबरदारी म्हणून).

आण्णा मागून म्हणाले, "चालू कर की. न्हायतर फुडच्या साली दुसरा बघतो."

सात वर्षांत कमावलेला एकुलता एक माईक मल्लेशच्या हातातून निघाला होता. त्यानं एकेक रांग निरखली. रिकामी खुर्ची नाही. मग अचानक त्याचा चेहरा उजळला.

"समदी आल्यात," तो माईकवर म्हणाला. "एकच पावणं आलं न्हाईत. उद्या कुठंतरी बसून हीच गोष्ट वाचतील, आन् गालात हसतील, की कोल्हापूरची माणसं काय एकेक येडी!"

आणि मग त्यानं ते पावणं करून दाखवलं: कसे बसतात, वाचताना तोंड कसं करतात, आत्ता करताय तस्संच. मैदान उभं राहून हसलं. शिवलीलेला ठसका लागला. आण्णांनी डोळे पुसले.

तुम्ही आला असतात, तर वाचला असतात.