नत्थूजींचा चौथा भाग

माझ्या सुनेला दुसरी मुलगी झाली, तेव्हा पाहायला आलेल्या बायांचे चेहरे असे होते, जणू बारशाला नाही, मयतीला आल्या. "असू दे वं, देवाची मर्जी," म्हणत चहा मात्र दोन-दोन कप प्याल्या. शेवटी शेजारचे नत्थूजी आले. पाळण्यात वाकले, चष्मा सरकवला आणि म्हणाले, "वैनी, भाग दुसरा! पहिल्यापेक्षा पिच्चर साफ हाये."

नत्थूजी एकोणसत्तर वर्षांचे आहेत आणि व्हिडिओ गेम खेळतात. जन्मभर त्यांनी इथे आमच्या सौंसरला संत्र्याच्या कलमांची नर्सरी चालवली. पहिल्या बहाराची फळं आंबट निघाली की गिऱ्हाईक भांडायला यायचं. नत्थूजी त्याला खाटेवर बसवून सांगायचे, "पुढचा बहार पाहाजा." मग बायको गेली, मुलगी लग्न होऊन हैदराबादला गेली, नर्सरी पुतण्याकडे गेली, आणि 'पुढच्या बहारा'चा 'पुढचा भाग' झाला.

खेळ एकच, पण त्याचे भाग निघत राहतात. त्यात एक दाढीवाला शिपाई ओसाड किल्ल्यांची फाटकं उघडत फिरतो. कशासाठी, हे त्यालाही ठाऊक नसावं. पहिल्या भागात त्याला कोंबडीचा धक्का लागला तरी तो मरायचा. दुसऱ्या भागात तो पोहायला शिकला. तिसऱ्यात त्याला घोडा मिळाला आणि त्याची दाढी वाऱ्यावर हलू लागली. ती हलते हे दाखवायला नत्थूजींनी मला गॅसवर भाजी असताना बोलावून नेलं. "पाहा वैनी, केस न् केस!" इकडे माझी मेथी करपली, पान न् पान.

नियम कडक. हातातला भाग संपल्याशिवाय पुढचा विकत घ्यायचा नाही. "अर्ध्यात सोडलं तं सुधारणा समजतच नाई," असं त्यांचं शास्त्र आहे.

हे शास्त्र ते सगळ्या जगाला लावतात. छिंदवाड्यातून तुटून आमचा पांढुर्णा जिल्हा झाला, तेव्हा चौकात उभं राहून सांगत होते, "छिंदवाडा भाग पहिला, पांढुर्णा भाग दुसरा. तिसऱ्या भागात सौंसर जिल्हा होते का नाई पाहाजा!" तेव्हापासून आमच्या आळीतले चार म्हातारे तिसऱ्या भागाची वाट पाहून राहिले आहेत.

मलाही सोडत नाहीत. "वैनी, तुमचा पहिला भाग म्या पाह्यला हाये. आवाज मोठा, अक्कल अर्धी."

खोटं कसं म्हणू? नागपूरची बी.ए. होऊन मी या घरात आले आणि ते दिवसातून चारदा कुणाला तरी ऐकवत असे. भाजीवालीशी पुस्तकातलं बोलायची, "मावशी, मला अर्धा किलो वांगी हवी आहेत." ती बिचारी घाबरून सासूला विचारायची, "सुनबाई रागावल्या काय वं?" पुढे नत्थूजींनी माझ्या मुलासाठी टीव्हीला जोडायचा खेळ आणला, तर मी अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं भाषण ठोकलं. डोळे जातात, बुद्धी जाते, वंश बुडतो! मग तो खेळ उचलून त्यांच्या अंगणात भिरकावला. मुलगा इंजिनियर झाला. त्याचे डोळे शाबूत आहेत, चष्मा मला लागला.

तर गेल्या दिवाळीत नत्थूजी नागपूरच्या बसनं जाऊन चौथा भाग घेऊन आले. आणि आठ दिवसांत, जन्मात कधी बोलले नव्हते ते बोलले. "बंडल हाये."

"पहिल्यापेक्षाही?"

"त्या पहिल्यात इमान तरी होतं."

पहिल्याच किल्ल्याच्या फाटकाशी ते अडकले होते. नागपूरच्या दुकानात पाचवा भाग येऊन बसला, पण नियम म्हणजे नियम. संक्रांत गेली, होळी गेली. एका शनिवारी जामसांवलीच्या मारुतीला जाऊन नारळ फोडून आले. नारळ फुटला, फाटक काही उघडलं नाही. मी रोज कुंपणावरून विचारायची, "काय नत्थूजी, शिपाई पेन्शनीत निघाला काय?" ते तोंड फिरवून झाडांना पाणी घालत. मला वाटलं, बोटं चालत नसतील आता. तसं बोलूनही टाकलं. बोलायला मला कधी उशीर होत नाही.

परवा दुपारी वांग्याची भाजी द्यायला गेले. दार उघडंच होतं. नत्थूजी खुर्चीत बसले होते. खेळाचा एक रिमोट दोन्ही हातांत, दुसरा खाली फरशीवर आणि त्यावर उजव्या पायाचा अंगठा. टीव्हीवर दोन शिपाई होते. एक आपल्या दगडावर नीट उभा. दुसरा भिंतीला डोकं लावून जागच्या जागी चालत होता.

"हे काय करून राहिले, नत्थूजी?"

ते दचकले. पाय मागे घेतला.

"दोघं पाह्यजे," ते म्हणाले. "दोन दगड हायेत. दोघांनी एकाच टायमाले पाय देल्ला, तं फाटक उघडते. एक जरी खंदकात पडला, तं बंद. या भागात सुधारणा केली कंपनीनं. सोबती देल्ला."

"मंग कोणाले तरी बोलवाचं ना! पाच महिने झाले!"

"काय म्हणून बोलवू? या, माह्याजवळ बसा म्हणून?"

आणि पुन्हा अंगठा ठेवला.

मी भाजीचा डबा ठेवला, खुर्ची ओढली, खालचा रिमोट उचलून आधी पदरानं चांगला पुसला.

"कोणतं बटण?"

"डावं. डावं, वैनी! ते उजवं हाये!"

माझा शिपाई तीनदा खंदकात पडला. चौथ्यांदा दगडावर चढला. फाटक करकरत उघडलं, आतून उजेड आला. नत्थूजींचा शिपाई काही हलेना.

"चला ना आत."

"थांबा. घाई काय हाये?"

"पाचवा भाग आणाचा हाये ना तुम्हाले?"

ते टीव्हीकडेच पाहत राहिले. "दुकानात त्याच्या डब्ब्यावरचं वाचलं म्या. पाचव्यात सोबती नाई. पुन्हा एकटाच हाये तो."

दोघे शिपाई उघड्या फाटकाशी उभे होते. मी डावं बटण धरलं, माझ्या शिपायाला मागे वळवलं आणि सरळ खंदकात घातलं. फाटक धाडकन बंद झालं.

"वैनी, तुम्ही लैच कच्च्या हा," नत्थूजी म्हणाले.

"हो ना," मी म्हटलं. "उद्या जेवण झालं का येतो. मले शिकाले लै दिवस लागतीन."