सोनेरी हवायंत्राची आणि सुभानजी नाइकाच्या एका खोट्या आकड्याची बखर

श्री. ज्याचे बळे चाक फिरते, मनुष्य बोलतो आणि चुगली दरबारापावेतो पोहोचते, त्या वायुदेवास दंडवत. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, ते साली आश्विनमासी विजयादशमीस महाराजांचे स्वारीचे चाक शिवेअलीकडे बसले, त्याची ही हकीकत. सरकारातून आज्ञा जाहली की, गफलत कोणाची ते सविस्तर लिहावे आणि लिहिताना यंत्रास बोल लागू नये. सेवकाने सरकारचे मीठ खाल्ले आहे, सबब आज्ञा शिरसावंद्य. परंतु ते मीठ फार अळणी होते, हेही ध्यानी असावे.

राज्य लहान आणि डौल मोठा. मुलखात मोटारगाड्या नऊ, त्यांची चाके छत्तीस, जादा एक नाही, आणि त्या छत्तीस चाकांची हवा चाळीस वर्षे एका माणसाने राखिली, ते चाकखान्याचे नाईक सुभानजी ताटे. चाकखान्यात विजेवर चालणारी हवेची मोठी टाकी होती, परंतु ती जागची हलेना, आणि गाडी रानात अडली म्हणजे पायपंप हाच वाली. तो दाबून दाबून सुभानजींचे दोन्ही गुडघे कामातून गेले, बसले तर उठवेना आणि उठले तर बसवेना. त्यांजपाशी हवा मोजण्याचा पितळी काटा होता, घड्याळासारख्या तबकडीचा, तो करगोट्यास बांधून हिंडत, आणि सुभानजींनी तेहेतीस म्हटले की तेहेतीस, बत्तीस नाही की चौतीस नाही, अशी ख्याती. थोरले महाराज भर दरबारी बोलून गेले होते की, सुभानजीने सांगितलेला आकडा पंचांगात लिहावा. पुत्र नाही, कुटुंब देवाघरी गेले, एक कन्या गोदाबाई. तीस घरी बसवावी तर बसेना, बापाचे मागे मागे राहून सारी विद्या शिकली, टायरावर थाप मारून हवा किती ते सांगे आणि एका आकड्याने चुकली तर दिवसभर जेवेना. मग सुभानजींचे मनी एकच ध्यास राहिला की, गुडघे गेले ते गेले, आता नाइकी गोदीचे नावे व्हावी आणि मग डोळे मिटावे. महाराजांस अर्ज केला. महाराज मनाचे मोकळे आणि कानाचे हलके, बोलिले की, "दसऱ्यास सीमोल्लंघनाची स्वारी विनाखोळंबा शिवेपार नेऊन दाखवा, त्याच जागी नाइकीचे पागोटे तुमच्या कन्येस देऊ." सुभानजींनी पायावर डोके ठेविले आणि घरी येऊन कन्येस म्हणाले, "गोदे, आता दसरा तेवढा धड जाऊ दे."

मग त्यांनी दुसरा अर्ज केला, आणि येथेच गरिबाने आपले हाताने आपले पायावर धोंडा पाडून घेतला. अर्ज असा की, पोर एकटी गाडीबरोबर रानात जाणार, तरी तिजला बॅटरीवर चालणारे, बिनतारी, हाती धरावयाचे हवेचे यंत्र सरकारातून मिळावे. अर्ज कारभारी त्रिंबकपंतांकडे गेला. पंतांनी जन्मात चाक बदलले नव्हते, परंतु चाकांचा विषय निघाला असता दुसऱ्यास बोलू दिले नव्हते. व्यापाऱ्याकडून दोन यंत्रे पारखण्यास आली. एक काळे, ओबडधोबड, जड, नळी हातभर आणि तिचे टोकास पितळी फिरकी. दुसरे सोनेरी, चपटे, मखमली पिशवीतले, आकडे निळे, पुढे दिवा, आणि खोक्यावर दीडशेचे बळ म्हणून ठळक अक्षरे. पंतांची नजर दिव्यावर गेली ती तेथेच राहिली. तेव्हा सुभानजी अदबीने बोलिले, "पंत, खोक्यावरचं बळ वाचू नका. आपल्या गाडीला तेहेतीस हवा लागती, दीडशे घेऊन काय करायचं? एका चार्जिंगात किती चाकं भरतं, किती वेळानं तापतं आन् आकडा खरा सांगतं का, एवढंच बघा. बाकी समदं मखर." मग गोदाबाईने दरबारासमोर चाके मोकळी केली आणि काळ्या यंत्रावर तेहेतीस आकडा लाविला, ते घुरघुरत चालले आणि तेहेतीस होताच आपले आप थांबले, पितळी काटा लावून पाहिला तो तेहेतीस, चारी चाके भरली आणि बॅटरी निम्मी उरली. मग सोनेरी यंत्र लाविले, तेही तेहेतिसावर थांबले, काटा लाविला तो अठ्ठावीस; आणि दुसरे चाक भरता भरता असे तापले की हाती धरवेना.

त्यावर कोणीही शहाणा काय समजेल ते समजेल. पंत म्हणाले, "काटा सुभानजींएवढाच म्हातारा. नवं यंत्र तेहेतीस म्हणतंय, जुना काटा अठ्ठावीस म्हणतोय, तर नव्याचं खरं धरायचं." गोदाबाई म्हणाली, "पण काळ्या यंत्राचं आन् काट्याचं जुळतंय की, पंत. दोघं मिळून खोटं कशाला बोलतील?" पंत म्हणाले, "संगनमत." दरबार हसला. मग पंतांनी खरे कारण उघड केले की, खंडेनवमीस दरबारी शस्त्रपूजा, शेजारच्या मुलखांचे पाहुणे येणार, आणि पाटावर ते काळे धूड मांडले तर लोक म्हणतील, ह्यांनी खलबत्ता पूजेला काढला. सोनेरी कसे पूजेत उठून दिसेल. महाराजांनी मान डोलाविली. यंत्र हवा भरण्यास घेतात, हे पूजेत दिसण्यास घेतले. काळे परत गेले, आणि बिनतारी यंत्राच्या राज्यात पायपंप दिसणे लाजिरवाणे म्हणून तो पंतांचे हुकुमाने मोडीत गेला. सुभानजी मोडीवाल्याचे गाड्यामागे कोपऱ्यापर्यंत चालत गेले आणि परत आले.

परंतु गोदाबाई हरणारी नव्हे. तिने सोनेरी यंत्राचे सारे गुण आणि दुर्गुण पंधरवड्यात ओळखिले. ते पाच आकडे खोटे सांगते, तर तेहेतीस हवी तेव्हा यंत्रावर अडतीस लावी, आणि काट्याने ताडून तेहेतीस झाली की मगच उठे. चाके सकाळी थंड असता भरी, धावून तापलेल्या चाकाचा आकडा फसवा म्हणून. नळी घट्ट बसली नाही तर हवा भरण्याऐवजी निघून जाते, सबब फिरकी दोनदा आवळी. एक चाक भरले की यंत्रास विसावा देई आणि काम असो नसो, महिन्याचे महिन्यास ते तारेवर लावून चार्ज करी. आणि ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत एक गाडी रानात अडली नाही. वाईट यंत्र जाणत्याचे हाती पडले म्हणून निभावले, आणि श्रेय कोणास? पंत पाहुण्यांस सांगत की, पाहा आमची निवड.

मग आश्विन शुद्ध नवमी आली. तलवारी, भाले, बंदुका पाटावर मांडल्या आणि मधोमध सोनेरी यंत्र. त्यास गंध, हळद, कुंकू वाहिले, तेही चिमूटभर नव्हे, मूठमूठ, आणि झेंडूचा हार घातला. राज्याचा रिवाज असा की, पूजेत मांडलेल्या हत्यारास दशमीस स्वारी निघेतोवर कोणी हात लावू नये. इतके चालून गेले असते. परंतु पंतांस सुचले की, यंत्रास दिवा आहे, तो लावावा, समईपेक्षा शोभेल. दिवा लाविला, पाहुण्यांनी वाहवा केली. गोदाबाईने ते पाहिले आणि पुढे होऊन म्हणाली, "पंत, त्या दिव्यानं बॅटरी उतरंल. दिवा शांत करते, न्हाईतर तार तरी लावू द्या." पंत म्हणाले, "बिनतारी यंत्राला पाहुण्यांदेखत तार? आणि पूजेतला दिवा मालवायची भाषा, तीही सणाच्या दिवशी? बापानं हेच शिकवलं काय?" गोदाबाईने बापाकडे पाहिले. सुभानजी पाटाजवळच उभे होते. ते बोलिले असते तर निदान बोलले होते असे लिहिता आले असते, परंतु उद्याचे पागोटे डोळ्यांपुढे आले आणि ते म्हणाले, "गोदे, गप. एक दिवसाचा प्रश्न हाय."

दशमीस सकाळी दिवा आपोआप विझलेला होता. पंत म्हणाले, ज्योत देवात मिळाली, शुभ आहे. गोदाबाईने अर्धा तास तारेस मागितला, तो मुहूर्तापायी मिळाला नाही, आणि हारासकट यंत्र तिचे हाती देऊन स्वारी निघाली. दरबाराचे मांडवाचा एक खिळा महाराजांचे गाडीचे मागील उजवे चाकात शिरला होता. दोन कोस जाता जाता हवा उतरली, आणि शीव हाकेवर राहिली असता सुभानजींनी मागील गाडीतून चाक पाहिले आणि स्वारी थांबविली. म्हणाले, "दहा मिनिटं द्या, हवा भरून देतो, शिवेपार जाईल." गोदाबाईने हार काढिला, नळी आवळली, कळ दाबिली, निळा आकडा एकदा मिणमिणला, आतून हळदीची पूड उडाली आणि यंत्र निपचित पडले. पुन्हा दाबिली, काही नाही. पायपंप मोडीत, मोठी टाकी दोन कोस मागे, आणि वाजंत्री वाजत होती. सुभानजींनी रिकाम्या जागी पाय टेकला, जेथे पूर्वी पंप असे, आणि मग तो उचलून घेतला. पंत म्हणाले, "मुहूर्त टळतोय, तशीच हाका." सुभानजी म्हणाले, "बसल्या चाकावर गाडी घातली तर टायर रिमवरनं उतरंल, पंत. जवळ हाय म्हणून काय झालं?" हाकिली. पन्नास पावलांवर टायर उतरला, गाडी कलंडत आपट्याचे झुडुपात गेली, सोने लुटावयाचे ते आधीच अंगावर सांडले, आणि शीव चार हातांवर राहिली. महाराजांस खरचटले नाही, परंतु पाहुण्यांपैकी कोणी हसला, आणि ते सरकारास लागले.

मग चौकशी बसली. यंत्र तारेवर लाविले, तीच तार जी पूजेत लाजिरवाणी होती, आणि यंत्र जागे होताच शेवटी लाविलेला निळा आकडा उमटला, अडतीस. पंतांनी तो दरबारास दाखविला आणि म्हणाले, "गाडीवर तेहेतीस लिहिलेली, आणि ही बाई चार महिने अडतीस भरत आली. चाक फुटेल नाहीतर काय? यंत्र बिचारं थकलं." ज्या आकड्याने राज्य चार महिने चालले, तोच आकडा फास होऊन गोदाबाईचे गळ्याशी आला. ती समजावू लागली की, यंत्र पाच खोटे सांगते म्हणून, परंतु पूजेस लागलेले यंत्र खोटे सांगते हे ऐकून घेणे दरबारास जड; चोर सोडून संन्याशास सुळी द्यावयाची तर संन्याशाचे म्हणणे कोण ऐकतो? मग पंतांनी सुभानजींस एकीकडे नेले आणि गोड बोलिले की, "सुभानजी, महाराज पोरीला हद्दपार करायचं म्हणतात. तुम्ही एवढंच लिहून द्या की, यंत्र चोख, आकडा खरा, अडतीस मी नजरचुकीने लावला आणि चार्ज करायला मीच विसरलो. तुमचं वय झालं, तुम्हाला कोण काय म्हणणार? नाइकीचं मी बघतो." सुभानजींनी करगोट्यावरचा काटा चाचपला. चाळीस वर्षांत त्यांचे तोंडून खोटा आकडा निघाला नव्हता. मग कागद घेतला आणि लिहून दिले, आणि गोदाबाई "आबा, नका" म्हणत होती ते ऐकू आले नाही असे केले.

तो कागद दरबारी वाचिला गेला. पंत उठले आणि म्हणाले, "महाराज, चाळीस वर्षं ज्यांचा आकडा चुकला नाही ते सुभानजी स्वतःच्या हातानं लिहून देतात की, यंत्र चोख आहे, आकडा खरा आहे. शिवाय हवा भरली की ते आपलं आपण थांबतं. मग नाईक हवाय कशाला?" महाराजांनी मान डोलाविली. गोदाबाई हद्दपार जाहली नाही. नाइकीच हद्दपार जाहली. पागोटे जामदारखान्यात परत गेले. पितळी काटा जप्त करणार होते, परंतु त्याची कोणास गरज वाटली नाही.

पुढे गाड्या यंत्राचे आकड्यावर चालू लागल्या. मार्गशीर्षात एके दुपारी सुभानजी दाराशी उन्हास बसले होते, गोदाबाई गहू निवडीत होती, आणि महाराजांची गाडी नवे टायर घालून समोरून गेली. चाके दबलेली होती, कडा रस्त्यास घासत होत्या. गोदाबाईचा हात सुपात थांबला. सुभानजींनी विचारले, "किती असंल ग?"

"अठ्ठावीस," ती म्हणाली. "आबा, घाट उतरणार हाईत. जाऊन सांगू का?"

सुभानजींनी गाडी वळणाआड जाईतो पाहिली. मग म्हणाले, "अठ्ठावीस न्हाई, पोरी. तेहेतीस हाय. मी लिहून दिलंय."

सारांश, गफलत कोणाची असे सरकारने विचारिले, तर दप्तरी सुभानजी ताटे यांची सही आहे. यंत्र नित्य पाच आकडे खोटे सांगते, त्यास हार घातला आहे. सुभानजींनी जन्मात एकदा खोटे सांगितले, तेवढेच खरे धरिले गेले. सेवकाने लिहिले ते येथवर.