कावळ्यांची घंटी

मोतीनानांच्या घरी जेवायला बसलात तर लोणचं मागू नका. मी मागितलं होतं. तेव्हा मी धुळ्यात नवा बिऱ्हाडकरू होतो. चौथ्या गल्लीत नानांच्या शेजारची खोली घेतली होती, बायको मागाहून यायची होती, आणि नानांनी पहिल्याच दिवशी मला पानावर बसवलं होतं. नाना एकटे राहत, पण भरीत असं करत की वांग्यानं धन्य व्हावं. कोनाड्यात चिनी मातीच्या बरण्या ओळीनं मांडलेल्या, तोंडाला फडकी बांधलेली. मी मोठ्या आशेनं म्हणालो, नाना, त्यातली एखादी फोड येऊ द्या इकडे.

नाना घास हातात धरून अहिराणी वळणानं म्हणाले, "जस्त शे. चावणार नाही."

बरण्यांत नवसागराचं पाणी होतं, त्यात जस्ताची कांडी आणि कोळशाची वडी. ही नानांची बॅटरी. तिच्यापासून निघालेल्या तारा भिंतीवरून, तुळईवरून आणि देव्हाऱ्याच्या मागून घरभर फिरत. नवसागर ते कल्हईवाल्या रहीमभाईंकडून आणत, आणि इतका आणत की हा म्हातारा चोरून कल्हईचा धंदा करतो, असा रहीमभाईंचा पक्का समज झाला होता. गल्लीत कुणाचं भांडं चकचकीत दिसलं की ते संशयानं नानांच्या दाराकडे बघत.

नानांचं सगळं आयुष्य तारऑफिसात गेलं होतं. लोकांच्या तारा घेता-देता शब्द वाया घालवणं त्यांना सोसेनासं झालं होतं. सकाळी माझ्या दारात उभं राहून सांगत, "दूध नासलं. चहा तुमच्याकडे. मोतीराम." शेवटी नाव. तारेखाली पाठवणाऱ्याचं नाव हवं, तसं बोलण्याखालीही. पुढे माझ्या सासूबाई आमच्याकडे येऊन तापानं पडल्या, तेव्हा नाना समाचाराला आले. उंबऱ्यातूनच म्हणाले, "बऱ्या व्हा. मोतीराम." आणि गेले. सासूबाई ग्लानीत होत्या. घाबरून विचारू लागल्या, कोण मोतीराम, आणि त्याला काय झालं?

आता त्यांचे शोध. दूध उतू जाण्याआधी वाजणारी घंटी त्यांनी केली होती. दूध वर आलं की पत्र्याची चकती उचलली जायची, तार तारेला लागायची आणि घंटी घणघणायची. घणघणायची हे खरं. पण चकती जड असल्यामुळे, दूध चुलीत जाऊन राखेत मिसळलं की मग. नानांना त्याचं वाईट वाटत नसे. "बातमी उशिरा. पण खरी," असं म्हणत. मांजरासाठी केलेल्या घंटीवर मांजर झोपायला लागलं. आणि एका वर्षी त्यांनी कुठूनसा रेडिओ पकडणारा एक चमकणारा खडा मिळवला, पुठ्ठ्याच्या नळीवर तार गुंडाळली, धाब्यावरून, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावरून, समोरच्या लिंबापर्यंत दुसरी तार ताणली आणि जाहीर केलं की मुंबईचं गाणं धुळ्यात ऐकू येतं. मी कानाला यंत्र लावलं. भजी तळल्यासारखा आवाज येत होता. तसं सांगितलं तर नाना शांतपणे म्हणाले, "मुंबईत तळत असतील."

पण गल्लीत नानांचं नाव झालं होतं ते या कशामुळेही नाही. ते झालं होतं कावळ्यांच्या घंटीमुळे. ही सगळ्यांत जुनी, नाना तरुण होते तेव्हाची. चैत्र-वैशाखात आपल्याकडे घरोघर धाब्यावर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत पडतात आणि कावळ्यांची चंगळ होते. नानांनी धाब्यावर तार नेली आणि आईला सांगितलं की कावळा तारेवर बसला की घंटी वाजेल. एक घंटी ओसरीत, एक स्वयंपाकघरात, दोन्हीकडे एकेक बटण. बटणं कशाला, असं आईनं विचारलं, तर म्हणाले, तारेला दोन टोकं असतात. आईचं समाधान झालं. त्या माउलीच्या गल्लीभर आठवणी होत्या. घंटी वाजली की हातातलं टाकून, काठी घेऊन, गुडघे दुखत असताना जिना चढायची. वर कावळा कधीच नसायचा. वरून ओरडायची, "मोत्या, कावया कोठे शे रे?" खालून नाना म्हणत, "उडी गया व्हई." उडून गेला असेल. बिबड्या एवढ्या राखल्या जाणारं दुसरं घर धुळ्यात नव्हतं.

आई गेली. पुढे नानांची बायको जनाबाई तापात गेली. मी शेजारी आलो त्याच्या बऱ्याच आधीची ही गोष्ट. घंट्या मात्र जागच्या जागी होत्या. रोज सकाळी नाना बरण्यांत पाणी घालत, जस्त घासत, आणि सगळ्यांत आधी त्या जुन्या तारेचे सांधे पुसत.

मग गल्लीत विजेचे खांब आले, आणि त्याच सुमाराला नानांचा पुतण्या प्रभाकर नव्या नवरीला घेऊन त्यांच्याकडे राहायला आला. मुलगा गिरणीत कामाला, सरळ, काकांवर जीव टाकणारा. पण वायरमननं सांगितलं होतं की नव्या तारांच्या शेजारी या जुन्या तारा चालणार नाहीत. आणि नवी सून सुमन, एदलाबादकडची, डोक्यावरचा पदर एका तारेत अडकून अंगणात पाण्याच्या घागरीसकट बसली होती. नानांनी तक्रार केली नाही. दुधाची घंटी दिली. मांजराची दिली. मुंबईची भजीसुद्धा दिली, लिंबावरची तार स्वतः चढून सोडली. राहिली कावळ्यांची. तिला हात लावू देईनात. वायरमन उद्या येणार, तार गेली नाही तर दिवा नाही, आणि काका त्या तारेखाली बाज टाकून बसलेले. प्रभाकर माझ्याकडे आला. म्हणाला, भाऊ, तुमचं ऐकतात ते.

मी गेलो. दुपारची वेळ, ओसरीत नाना बाजेवर, पाठ बटणाला टेकलेली. मी विजेच्या दिव्याचं वर्णन केलं, असं की एखाद्या आंधळ्यानंही दिवा मागितला असता. नाना ऐकत होते. बोटं बाजेच्या माचव्यावर ठोके देत होती. लांब लांब, मग तीन लांब, पुन्हा एक लांब, आणि शेवटी दोन तुटक. संपले की पुन्हा तेच.

मी विचारलं, हे काय वाजवता?

"नाव शे."

"कुणाचं?"

"मनंच. मोती." आणि मग मोतीनाना, जे जन्मात कधी सलग चार वाक्यं बोलले नव्हते, ते बोलायला लागले.

लग्न झालं तेव्हा घरात आईचा धाक. दिवसा नवऱ्यानं बायकोशी बोलायचं नाही, बायकोनं तर नवऱ्याकडे बघायचंही नाही. नाना ओसरीत, जनाबाई चुलीपुढे, मध्ये आई. म्हणून तार टाकली. जनाबाईला अक्षर वाचता येत नव्हतं, लिहिता येत नव्हतं. नानांनी तिला तारेची अक्षरं कानांनी शिकवली, भाकरी थापायच्या तालावर. ती पटकन शिकली. भाकर झाली. आई चिडली शे. नरडाण्याहून भाऊ येणार शे. असल्याच तारा. घंटी वाजली की आई काठी घेऊन धाब्यावर.

"म्हणजे घरात तुम्ही दोघंच," मी म्हणालो. "मग तोंडानं बोलायचं की."

"तेव्हा सुचायचं नाही," नाना म्हणाले. "आई खाली आली की पुन्हा सुचायचं."

मग म्हणाले, "एक लबाडी केली मी. तिला सांगितलं, तार द्यायची तर आधी घेणाऱ्याचं नाव द्यावं लागतं. सरकारी नियम शे. ती म्हणे, नवऱ्याचं नाव कसं घेऊ? आठ-पंधरा दिवस घंटी वाजली नाही. मग एक दिवस वाजली. जन्मभर तोंडानं माझं नाव घेतलं नाही तिनं, लग्नातल्या उखाण्यानंतर. पण बोटानं रोज. जेवायला बोलवताना, रोज." बटणावरची धूळ त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसली. "आई गेल्यावर घर मोकळं झालं. तरी आम्ही तारेवरच बोललो. तोंडाची सवयच नव्हती."

मी उठलो आणि सरळ प्रभाकरकडे गेलो. हरून आल्याचं ओशाळं तोंड करणं मला जमत नाही, खोटं बोलणं मात्र उत्तम जमतं. मी त्याला म्हणालो की तार राहू दे, अरे, चैत्र आलाय, सुमनच्या पहिल्या बिबड्या धाब्यावर पडतील, आणि या गल्लीतला कावळा काय चीज आहे हे तुला माहीत नाही. रहीमभाईंनाही साक्षीला उभं केलं. त्यांनी कावळ्यांबद्दल जे सांगितलं ते ऐकून मीसुद्धा घाबरलो. वायरमनला चहा पाजला, आणि त्यानं नव्या तारा दुसऱ्या भिंतीवरून नेल्या.

दिवा आला. बिबड्याही पडल्या. एका दुपारी मी नानांच्या ओसरीत पान जुळवत बसलो होतो. आत भाकरीचा वास सुटलेला. प्रभाकर गिरणीत. चुलतसासऱ्यांना हाक मारून जेवायला बोलवायचं कसं, हा सुमनचा रोजचाच पेच. ती दारामागे बांगड्या वाजवी आणि नाना उठत. त्या दिवशीही बांगड्या वाजल्या. नाना उठले, पण आत गेले नाहीत. भिंतीकडे वळले आणि बटणावर बोट ठेवलं. लांब, लांब, लांब. तेच नाव, सावकाश, एकही ठोका न चुकता. शेवटचे दोन तुटक. आत, चुलीजवळ, घंटी वाजत होती.

जिन्यावर धडधड पावलं वाजली. सुमनला गल्लीनं सगळं नीट पढवलेलं होतं. थोड्या वेळानं धाब्यावरून, पदराआडून, दम लागलेला आवाज आला, "मामंजी, कावळा तर एकही नाही वर."

नाना बटणाशीच उभे होते. वर बघून म्हणाले, "उडी गया व्हई, माय. खाली ये. ऊन शे."

मी सवयीनं पुढचं 'मोतीराम' ऐकायला थांबलो. ते आलं नाही.