नदीतून चालवलेली वार्षिक सभा

एक माणूस एकाच वेळी दोन ठिकाणी हजर राहू शकत नाही, असं म्हणणाऱ्यांच्या डोक्यात माझ्यासारखा भुसा नाही, बुद्धी आहे. पण हे मला उशिरा कळलं. त्या शनिवारी सकाळी नऊला मी नदीत एका झाडाखाली बोट लावून बसलो होतो आणि मला वाटत होतं, क्लाइव्ह हॅराडीन, तुझ्यासारखा हुशार माणूस वॉरिंडी गावात दुसरा नाही!

झालं होतं असं. हिरवळीवर चेंडू घरंगळवणाऱ्या आमच्या बोल्स क्लबची वार्षिक सभा त्याच दिवशी, आणि तीन महिन्यांची बंदी उठून कॉड मासा पकडायचा पहिला दिवसही नेमका तोच. सभा बुडवायची सोय नाही. आमच्याकडे जो गैरहजर, त्याच्या गळ्यात पद! अशाच एका सभेच्या दिवशी मी दाढ काढायला गेलो आणि सेक्रेटरी झालो. त्याला अकरा वर्षं झाली. यंदा मात्र मॉरीनला, म्हणजे बायकोला, शब्द दिला होता की हे शेवटचं. चाकांवरचं घर म्हणून घेतलेली कॅरव्हॅन दोन वर्षं अंगणात उभी होती. सेक्रेटरीपद सुटलं की आम्ही दोघं देशभर भटकायला निघणार होतो.

मग मी शक्कल लढवली. क्लबच्या ऑफिसातला कॉम्प्युटर हॉलमधल्या मोठ्या टीव्हीला जोडलेला, आणि हॉलमधल्या माईकचा आवाज त्या कॉम्प्युटरात येतो. तो कॉम्प्युटर लांबून चालवायची सोय मी फोनवर करून घेतली. सगळ्यांना, मॉरीनलासुद्धा, सांगितलं, "घसा पार बसलाय. संसर्ग नको. मी ऑफिसात दार लावून बसतो आणि इतिवृत्त लिहितो, तुम्ही टीव्हीवर बघा." गाडी पुराव्यादाखल क्लबच्या दारात उभी केली, ऑफिसच्या दाराचं लॅच लावलं, किल्ली खिशात टाकली आणि पुतण्याच्या मोटरसायकलवरून नदी गाठली.

"सेक्रेटरी हजर?" आमचे अध्यक्ष रेक्स पॅस्को यांचा आवाज फोनमधून आला.

मी टाइप केलं, "हजर."

"अरे वा! घसा गेला तरी गडी आला!" टाळ्या पडल्या. मी गळ टाकला आणि थर्मासमधला चहा ओतला.

आता, जो कॉम्प्युटर टेबलावर हातभर दिसतो तो फोनवर तळहाताएवढा दिसतो. अक्षरं मुंग्यांएवढी. मोठी करावीत तर फक्त एक कोपरा दिसतो, बाकीचा कॉम्प्युटर कुठे गेला ते शोधत बसायचं. बाण बोटाखाली येतच नाही, बोट इकडे आणि बाण तिकडे. लिहायला जावं तर कीबोर्ड वर येऊन अर्धा पडदा झाकतो! त्यात नदीवर रेंज येऊन-जाऊन. आपण बोट मारावं, काहीच होत नाही. पुन्हा मारावं, तरी नाही. मग सगळी बोटं एकदम पोचतात.

"क्लाइव्ह, पुढचं पान," रेक्स म्हणाला. मी बोट सरकवलं. काही नाही. चारदा सरकवलं. हॉलमधल्या टीव्हीवर अख्खा वार्षिक अहवाल सर्रकन खाली गेला.

"सभा संपवायची घाई झालेली दिसतेय!" कोणीतरी ओरडलं. हशा झाला. इथवर सगळं ठीक होतं.

आणि गळाला मासा लागला! साधासुधा नाही, बोट फिरवणारा. मी फोन मांडीवर टाकला आणि दोन्ही हातांनी गळ धरला. फोनवर पाणी उडालं. पाण्याच्या थेंबांनाही हे फोन बोटंच समजतात! वर माझं कोपर. हॉलमध्ये टीव्हीवर बाण गरगर फिरायला लागला, अहवाल उडाला, आणि इतिवृत्तात "ककककपपझझझ" असं तीन ओळी उमटलं.

हॉलमध्ये खुर्च्या सरकल्या.

"हा अर्धांगाचा झटका आहे," शेरिलचा आवाज आला. शेरिल आमच्या गावच्या अग्निशमन दलाची प्रमुख. प्रथमोपचाराचा वर्ग तिने नुकताच केलेला, आणि तेव्हापासून ती रुग्णाच्या शोधात होती. "हातावर ताबा राहिला नाहीये त्याचा. क्लाइव्ह! ऐकू येतंय? बाण उजवीकडे ने!"

मी एका हाताने गळ धरला आणि दुसऱ्या हाताच्या ओल्या अंगठ्याने बाण उजवीकडे ओढला. बाण डावीकडे गेला.

"उजवी बाजू गेली!" शेरिल किंचाळली. "नाव लिही, क्लाइव्ह, स्वतःचं नाव!"

मी लिहिलं. टीव्हीवर "कलव" आलं.

"अगं आई गं!" ही मॉरीन. "क्लाइव्ह, मी इथेच आहे रे, घाबरू नकोस! या मेल्या सेक्रेटरीपणाने खाल्लं माझ्या माणसाला! कुऱ्हाड आणा कोणीतरी!"

तीस वर्षांत ती माझ्यासाठी इतकं रडल्याचं मी ऐकलं नव्हतं. मी गळ सोडून दिला, मासा गळासकट गेला, आणि तिला फोन लावला.

"तो आतून फोन करतोय!" मॉरीन हॉलभर ओरडली. "बोल रे राजा!"

आता घसा बसलेला, हे विसरून कसं चालेल? मी घोगऱ्या आवाजात म्हणालो, "मॉरीन... मला काही झालं नाही... दार तोडू नका..."

"आवाज बघा कसा झालाय! शेरिल, मार घाव!"

धाड! धाड! आणि मग लाकूड फाटल्याचा आवाज.

"क्लाइव्ह," मॉरीन अगदी हळू म्हणाली, "खुर्ची रिकामी आहे. तू कुठे आहेस?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात माझ्या डोक्यावरच्या फांदीवर बसलेला कूकाबरा, माणसासारखा खदाखदा हसणारा आमच्याकडचा पक्षी, पोट धरून हसायला लागला. ऑफिसात कूकाबरा नसतो.

तिने फोन ठेवला.

मी घाईघाईने पुन्हा कॉम्प्युटर उघडला. आता इतिवृत्त कोणीतरी दोन्ही हातांनी, स्वच्छ, एकही चूक न करता लिहीत होतं: "क्लाइव्ह हॅराडीन गैरहजर. सेक्रेटरीपदासाठी त्यांचे नाव सुचवले. सूचक मॉरीन हॅराडीन. मुदत १ वर्ष."

तिने! स्वतः!

काही झालं तरी हे थांबवायचं होतं. त्या १ चा ० केला तर? मी बाण कसाबसा तिथे नेला, १ खोडायला बोट मारलं आणि लगेच शून्य दाबलं. रेंज गेली. आली. खोडणारं बोट वाटेत हरवलं होतं, शून्य तेवढं पोचलं.

"मुदत १० वर्ष!" रेक्सने मोठ्याने वाचलं. "बघा मंडळी, स्वतःच वाढवून घेतोय! हरकत कोणाची?"

हरकत माझी एकट्याची होती, ती मी तोंड फाटेस्तोवर नदीला सांगितली. एकमताने मंजूर झालं.

कॅरव्हॅन मॉरीनने नेली. बरोबर तिची बहीण. अधूनमधून समुद्रकिनाऱ्याचे फोटो पाठवते, खाली एक अक्षर लिहीत नाही. मी हे क्लबच्या ऑफिसात बसून लिहितोय, टेबलावरच्या कीबोर्डवर. वारा फार येतो. दार अजून बसवलेलं नाही. त्यासाठी तीन ठिकाणांहून दर मागवून समितीपुढे अर्ज ठेवावा लागतो, आणि ते काम सेक्रेटरीचं.