मर्लच्या धुराड्यातली आग

मर्ल हॅगनचा साखळीपट्ट्यांचा जुना पेट्रोल ट्रॅक्टर सुरू व्हायचा, चालायचा, चढावर नांगरसुद्धा ओढायचा. फक्त धुराड्यातून वीतभर आग ओकायचा.

शनिवारी गावात जुन्या पद्धतीच्या मळणीचा मेळावा होता. बापाच्या ट्रॅक्टरला बापाचंच मळणीयंत्र जोडून सगळ्यांसमोर चालवायचं, हे मर्लच्या मनात वर्षभर घोळत होतं. पण ऑगस्टमध्ये गावाभोवतीच्या टेकड्यांवरचा गहू इतका वाळलेला असतो की माणूस शिंकतानाही विचार करतो. अग्निशमन दलाचा प्रमुख लॉवेल याने बजावलं होतं, "आग दिसली की तुझा ट्रॅक्टर घरी. मग नेल्सचा नवा जोडू."

नेल्स हा मर्लचा मेहुणा. त्याचा ट्रॅक्टर बापाच्या यंत्राला जोडलेला बघण्यापेक्षा मर्लने स्वतःला जुंपून घेतलं असतं.

सबंध उन्हाळा मर्ल कार्बोरेटर पिळत बसला होता. मॅग्नेटोकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. इंजिनाला ठिणगी देणारा तो डबा हिवाळ्यात त्याने स्वतःच्या हाताने बसवला होता, म्हणजे तिथे शंका घ्यायचं कारणच नव्हतं.

"जाळ पिवळा असला तर पेट्रोल जास्त जातंय. निळा असला तर भानगड दुसरीच," तो बायकोला म्हणाला.

"मग आहे कसला?" आर्डिसने विचारलं.

"उन्हात रंग दिसतोय कुठे!"

म्हणून शुक्रवारी सूर्य बुडल्याबरोबर त्याने ट्रॅक्टर टेकडीच्या माथ्यावर, नांगरलेल्या मोकळ्या रानात नेला. जाळ निळा होता. सुरेख होता. आणि आसपासच्या प्रत्येक घरातून दिसत होता.

त्या भागात टेकडीवर जाळ दिसला की फोन करून चौकशी कुणी करत नाही. हातातला घास टाकून निघायचं. टाकी असेल त्याने पाणी आणायचं, नांगर असेल त्याने आगीच्या वाटेत पट्टा नांगरायचा. पंधरा मिनिटांत निम्मी वस्ती टेकडीवर चढली. नेल्सने तर घर वाचवायला आर्डिसच्या भोपळ्यांतूनच नांगर घातला.

"अरे थांबा! आग नाहीये, ट्रॅक्टर आहे!" मर्ल ओरडत होता.

"आधी विझवू, मग बोलू!" म्हणत लॉवेलने पाण्याचा पाइप सोडला.

इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. मर्ल नखशिखांत भिजून सीटवर बसून राहिला. मग ट्रॅक्टर काही केल्या सुरू होईना. मॅग्नेटो काढून उपडा केला, तर आतून पाण्याची धार लागली.

आता इतक्या लोकांना नुसतं कसं परत पाठवायचं? आर्डिसने केक ओव्हनमध्ये ठेवला. मर्ल मॅग्नेटो घेऊन तिच्यामागे उभा राहिला.

"केक निघाल्यावर ठेव मंद आचेवर," ती म्हणाली. "आणि माझ्या ओव्हनला ग्रीसचा वास आला ना, तर तू त्या ट्रॅक्टरवरच झोपायला जा. आधीच माझे भोपळे गेलेत!"

सकाळी मॅग्नेटो खडखडीत वाळला होता. नेल्स मदतीला आला. भोपळ्यांमुळे त्याला यावंच लागलं. मॅग्नेटो परत बसवताना मर्लने दातेरी चक्रांवरच्या खुणा जुळवायला घेतल्या आणि त्याचा हात थबकला. रात्री मॅग्नेटो उतरवताना, होता तसाच परत बसवता यावा म्हणून त्याने चक्रावर खडूने रेघ मारली होती, आणि ती कारखान्याची खरी खूण सोडून चक्क एक दाता मागे होती! म्हणजे हिवाळ्यापासून ठिणगी उशिरा पडत होती आणि अर्धवट जळलेलं पेट्रोल धुराड्यात जाऊन पेटत होतं.

मर्लने गुपचूप दाता पुढे घेतला. नेल्सकडे बघण्याची त्याची हिंमत झाली नाही.

लॉवेलने शेडची दारं लावून अंधारात पाहणी केली. ट्रॅक्टर शहाण्यासारखा धडधडत होता. धुराड्यात जाळ नाही, ठिणगी नाही. मर्लला इतकं हायसं वाटलं की त्याने चक्क मेहुण्यालाच मिठी मारली.

"बघितलंस?" लॉवेल छाती फुगवून म्हणाला. "आगीला औषध एकच. पाणी!"

मर्लने तोंड उघडलं, नेल्सकडे पाहिलं आणि मिटलं. "खरंय बाबा," तो म्हणाला.

मेळाव्यात बापाचं यंत्र झकास चाललं. पोत्यात पहिला गहू पडला तेव्हा मर्लचे डोळे भरून आले. लॉवेल मात्र भेटेल त्याला आपला इलाज ऐकवत फिरत होता.

दुपारी नेल्सचा नवा ट्रॅक्टर काळा धूर ओकू लागला. नेल्स इकडेतिकडे बघत लॉवेलपाशी आला.

"लॉवेल, याच्यावरही जरा मारतोस का? बेताने मार हं, नवा आहे."

लॉवेलने पाइप उचलला. खरं काय ते मर्लने आता तरी सांगायला हवं होतं. तो लगबगीने उठला आणि पाणी सोडायला गेला.