पहाऱ्यावरचे शिंपले

"पाण्यावर लक्ष ठेवता म्हणजे नेमकं काय करता तुम्ही?" सासूबाईंनी नाश्ता करता करता विचारलं.

"मी नाही ठेवत, आई. शिंपले ठेवतात."

"मग तुम्ही काय करता?"

"मी शिंपल्यांवर लक्ष ठेवतो."

सासूबाईंनी लेकीकडे पाहिलं. तुला मी याला काय बघून दिलं, असा त्या नजरेचा सरळ अर्थ होता. जावई पाणीपुरवठा खात्यात रसायनतज्ज्ञ होता, पण सगळं खातं त्याला शिंपलेसाहेब म्हणायचं आणि त्यालाही ते आवडायचं. नदीचं पाणी शहरात जाण्याआधी त्यातली एक धार काचेच्या टाकीतून फिरवलेली होती. टाकीत त्याचे शिंपले तोंड किंचित उघडं ठेवून बसत. प्रत्येकाच्या पाठीवर तोंडाची उघडझाप टिपणारी एक बारीक तार. पाण्यातून काही वाईट आलं की ते तोंड मिटून घेत, आणि बहुतेकांनी एकदम मिटलं की शहराचा मुख्य व्हॉल्व आपोआप बंद होई. लोक पोरांच्या मार्कांबद्दल बोलतात, तसा हे सांगताना त्याचा चेहरा व्हायचा.

सध्या मात्र त्याला घोर लागला होता. मोठ्या साहेबांनी टाकीतलंच पाणी तपासणारं एक चकचकीत यंत्र आणून शेजारी बसवलं होतं, आणि शिंपल्यांना काढायचं की ठेवायचं ते याच आठवड्यात ठरणार होतं.

"बघू तरी द्या मला," सासूबाई उठल्या. त्या निवृत्त मेट्रन. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. जावयालाही एवढंच हवं होतं.

टाकीसमोर सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. वॉर्डाची फेरी घेतात तसं त्यांनी एकेका शिंपल्याकडे निरखून पाहिलं.

"पाठीवर शेवाळ चढलंय की यांच्या! पिण्याच्या पाण्यात?"

"आई, ते पाणी पुढे प्यायला जात नाही, नुसतं..."

तेवढ्यात फोन वाजला आणि त्याने पाठ वळवली. जन्मभर अस्वच्छतेशी लढलेल्या बाईंना तेवढी सवड पुरे होती. त्यांनी पर्समधून जंतुनाशकाची बाटली काढली, कापसाचा बोळा भिजवला, टाकीत हात घातला आणि जवळच्या शिंपल्याची पाठ मायेने पुसली.

तो शिंपला मिटला. मग त्याच्या शेजारचा. मग सगळे. भिंतीवरचे दिवे लाल झाले आणि खालून कुठूनतरी जडसा धडधडाट ऐकू आला.

"काय झालं हो?"

"आई," तो फोन हातात तसाच धरून म्हणाला, "तुम्ही शहराचं पाणी बंद केलंत."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आता पाणी तपासून झाल्याशिवाय व्हॉल्व उघडणं नियमात बसत नव्हतं. प्रयोगशाळेत नमुना धावत गेला आणि इकडे फोनवर फोन सुरू झाले. पहिला बायकोचा. "अहो, डोळ्यांत साबण गेलाय आणि नळ कोरडा! तुमचे ते शिंपले झोपले की काय?"

"जागेच आहेत," तो म्हणाला. "फारच जागे आहेत."

मग लॉन्ड्रीवाला, मग दवाखाना, आणि शेवटी मोठे साहेब स्वतःच आले. एका गालावर दाढीचा फेस वाळलेला.

"कारण नसताना सगळं शहर कोरडं! हे यंत्र बघा, काय म्हणतंय? पाणी उत्तम! तुमची ही घाबरट मंडळी उद्यापासून बंद."

शिंपलेसाहेबाच्या तोंडचं पाणी पळालं. खरं सांगावं, तर सासूबाईंची शोभा. गप्प बसावं, तर बिचाऱ्या शिंपल्यांवर आळ. त्याला एकदम त्या मुक्या जिवांची कणव आली.

"साहेब, चूक माझी आहे. शिंपल्यांची नाही. मी बाहेरच्या माणसाला आत आणलं."

"बाहेरचं माणूस मी," सासूबाई पुढे आल्या. "आणि कारण नसताना कसं? माझ्या हातात औषध होतं. कापसाचा एक बोळा, बस! तेवढ्यावर यांनी दार लावून घेतलं. तुमचं यंत्र मात्र अजून उत्तमच म्हणतंय."

साहेबांनी यंत्राकडे पाहिलं. ते हिरवंगार होतं.

"त्याला जे ओळखायला शिकवलंय तेवढंच ते ओळखतं," जावई हळूच म्हणाला. "शिंपल्यांना कशाचंच नाव माहीत नसतं. आपल्याला त्रास होतोय, एवढंच कळतं."

"माझ्या हाताखाली पुष्कळ नर्सेस तयार झाल्या, साहेब," सासूबाई म्हणाल्या, "पण इतकी चोख ड्युटी मी पाहिली नाही. आणि यांना सांभाळणारे हे माझे जावई." लग्नाला इतकी वर्षं झाली, 'माझे' हा शब्द त्याने पहिल्यांदाच ऐकला. त्याचा ऊर अभिमानाने भरून आला.

साहेबांनी गालावरचा फेस खरवडला. "राहू देत शिंपले. पण मधूनमधून यांची अशी परीक्षा घ्यायला हवी. आधी न सांगता. कोणीतरी कडक माणूस पाहिजे."

सासूबाईंनी पर्स खांद्याला लावली.

"जावईबापू, माझं परवाचं तिकीट रद्द करा. तुमच्याकडची मागची खोली रिकामीच असते ना?"

पाणी स्वच्छ असल्याचा प्रयोगशाळेचा निरोप आला. टाकीतून ताजी धार वाहत होती आणि एकेक शिंपला निवांतपणे तोंड उघडत होता. शिंपलेसाहेबाने आपलं मिटून घेतलं.