चंबूतल्या रेणूला सजीव ठरवण्याबाबत

जगातली प्रत्येक वस्तू सजीव तरी असते, नाहीतर निर्जीव. मात्र ती नेमकी कोण, हे ठरवण्याचा अधिकार त्या वस्तूला नसतो. तो संचालकांना असतो.

संस्थेतल्या रसायनवाल्या बाईंना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्या सकाळी त्यांचं भान सुटलं होतं. लग्नाआधीपासून त्या ज्या रेणूच्या मागे लागल्या होत्या (आपल्यामागे इतक्या लागल्या नव्हत्या, असं नवरा सांगतो), तो रेणू एकदाचा वळणावर आला होता. काचेच्या चंबूतली सुटी द्रव्यं तो आपल्या अंगाशी जुळवून घेई, त्यांतून हुबेहूब आपल्यासारखा दुसरा रेणू घडवी आणि बाजूला होई. मग तो दुसराही तेच करी. कुणी शिकवलेलं नाही, सांगितलेलं नाही! बाईंनी स्टुलावर चढून गिरकी घेतली आणि आईला फोन लावला.

"आई, झालं गं! एकाचे दोन झाले!"

"अगं बाई, जुळी?" आई किंचाळली. "आणि मला आत्ता सांगतेस?"

(खुलासा होईपर्यंत मावशीने लोकरीच्या दोन टोप्या विणायला घेतल्या होत्या.)

हा आनंद जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकला. मग सुरक्षा अधिकारी आले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "हे वाढतंय."

नियम स्पष्ट होता. सजीव वाढला तर ती प्रगती. निर्जीव परवानगीशिवाय वाढलं तर ती घाण, आणि घाण संध्याकाळच्या आत मोरीत ओतायची.

चंबू सजीव की निर्जीव हे ठरवायला बाईंनी समितीची मागणी केली. समिती लगेच बसली (बसण्याच्या बाबतीत संस्थेत दिरंगाई कधीच होत नसे). संचालक, सुरक्षा अधिकारी आणि शेजारच्या इमारतीतले उंदरांचे डॉक्टर.

डॉक्टरांनी चंबूला नळी लावून बराच वेळ ऐकलं.

"भूक?"

"उत्तम," बाई म्हणाल्या.

"पोरंबाळं?"

"मोजायचं सोडलंय."

"झोप?"

"अजिबात नाही."

"पोरं झाली की असंच होतं," डॉक्टर समजुतीनं म्हणाले.

संचालकांनी सजीवाच्या अटी सांगितल्या: त्याने बाहेरचं काही खावं, आपल्यासारखं दुसरं घडवावं, आणि मधल्या वेळात स्वतःच्या मनाने काहीतरी करावं. तिसऱ्या अटीवर चंबू नापास झाला. सुरक्षा अधिकाऱ्यांनी त्याची मान धरली.

"थांबा!" बाईंनी चंबू हिसकावून छातीशी धरला. "माझा धाकटा दीर. दोन्ही वेळा व्यवस्थित जेवतो. मुलं झाली, तीही डिट्टो त्याच्यासारखी. मधल्या वेळात काही करताना त्याला घरात कुणी पाहिलेलं नाही. त्यालाही मोरीत ओतायचं का?"

"सासूबाईंना विचारलंत?" डॉक्टरांनी आस्थेनं चौकशी केली.

संचालक हसले नाहीत. त्यांचे जावई वरच्या मजल्यावर उपसंचालक होते. सुरक्षा अधिकारी आपल्या रविवारांचा विचार करत असावेत. अट कायम राहिली तर संध्याकाळच्या आत अख्खा वरचा मजला ओतावा लागेल, हे सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. तिसरी अट एकमताने रद्द झाली.

बाईंना रडू फुटलं, मग हसू, मग दोन्ही एकदम. चंबू सजीव! (त्याच न्यायाने उपाहारगृहातला जाळही सजीव ठरला, कारण तो इंधन खातो आणि ठिणगी टाकून दुसरा जाळ घडवतो. आचारी आता शेगडी बंद करताना मान खाली घालतो.) आई टोप्या घेऊन धावत आली. चंबू उजेडात धरून तिने नीट निरखला.

"नाक आपल्याकडचं आहे," ती म्हणाली.

काही वाचकांना वाटेल, तिसरी अट पुन्हा लागू करायला हवी. त्यांच्या मताचा आम्ही आदर करतो. त्यांनी फक्त कालचा आपला दिवस, जेवणं वगळून, सविस्तर सांगावा. मोरी उघडीच आहे.